वनातील रोप आणि आग : एका आरोपाचा इतिहास

उष्ण कटिबंधातील वनात रोप का वाढत नाही, हा प्रश्न आज वनस्पतिशास्त्राचा मानला जातो. एकोणिसाव्या शतकात तो मुख्यतः शासनाचा होता. साग व साल यांचे मोठे वृक्ष उभे आहेत, परंतु त्यांची जागा घेणारी रोपे खाली दिसत नाहीत, ही तक्रार त्या काळच्या वनाधिकाऱ्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येते. दोष कोणाचा, याचे उत्तरही बहुधा ठरलेले असे : वनात राहणाऱ्या माणसाचा, त्याच्या गुरांचा आणि त्याने लावलेल्या आगीचा. या उत्तराची पुढे काय गत झाली, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रारंभी एक उदाहरण घेऊ. मलबारचा कलेक्टर कॉनोली याने १८४० नंतरच्या दशकात निलंबूर येथे सागाची लागवड आरंभिली. सागाचे फळ कठीण कवचाचे. ते रुजविण्याचे पहिले प्रयत्न फसले. चातु मेनन यांच्या देखरेखीखाली हळूहळू रीत बसली आणि चालियार नदीच्या काठी सागाची राई उभी राहिली. परंतु याच लागवडीने एक धडाही दिला. नदीकाठच्या खोल, निचऱ्याच्या गाळमातीत साग झपाट्याने वाढला. जांभ्याच्या उंचवट्यावर मात्र तो खुरटला. पाऊस दोन्हीकडे सारखाच होता आणि लावणारे हातही तेच होते. भेद मातीचा होता.

हा धडा धोरणात उतरला नाही. १८६४ साली ब्रँडिस हा वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. त्याच दशकात मध्य प्रांतातील बोरीच्या वनात आगप्रतिबंधाची पद्धत सुरू झाली व पुढे ती सर्वत्र पसरली. कानडी मुलखातील कुमरी आणि ब्रह्मदेशातील टाँग्या या फिरत्या शेतीच्या पद्धती वनाच्या शत्रू ठरल्या. ब्रह्मी भाषेत ‘टाँग’ म्हणजे डोंगर व ‘या’ म्हणजे शेत. शब्दात आगीचा उल्लेखही नाही. तथापि सरकारी लेखनात हे नाव झाड तोडून जाळण्याच्या क्रियेशीच जखडले गेले. गमतीची गोष्ट अशी, की १८५६ पासून ब्रँडिसनेच करेण शेतकऱ्यांकडून त्यांच्या टाँग्यात सागाची रोपे लावून घेतली आणि जाळलेल्या जमिनीत ती चांगली वाढली.

आपल्याकडे हा वाद राबाच्या रूपाने उभा राहिला. मराठीत रानात आवरेनाशी पसरणारी आग तो वणवा. भाताचे रोप टाकण्याच्या जागेवर फांद्या, पाला व शेण पसरून शेतकरी जाणूनबुजून जाळतो, तो राब. एकाच अग्नीची ही दोन कार्ये भाषेने वेगळी ठेवली आहेत. राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधने येताच ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष माजला. मुंबई सरकारला १८८५ साली चौकशी मंडळ नेमावे लागले व त्याचा अहवाल १८८७ साली आला. वादाचा विषय भाताचे रोप होता, वनवृक्षाचे नव्हे, हे खरे. परंतु रोपाला मातीतून काय मिळते, हा दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच होता.

आरोपास पहिला तडा खात्याच्या आतूनच गेला. १८९६ साली ‘इंडियन फॉरेस्टर’ मासिकात स्लेड या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशात आगप्रतिबंधाचा अतिरेक होत असल्याचे लिहिले. ओलसर सागवनात आग थांबविल्यावर सागाची रोपे वाढण्याऐवजी दिसेनाशी होत होती. बंगाल व आसामच्या ओल्या सालवनांतही तोच अनुभव आला. आग नव्हती, कुमरीवाला नव्हता, तरी रोप मरतच होते. मग आरोपी कोण?

या प्रश्नाला प्रयोगाने उत्तर देण्याचे श्रेय डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. होल यांस द्यावे लागेल. ही संस्था १९०६ साली स्थापन झाली व पुढील दशकात होल यांनी सालाच्या रोपांचा अभ्यास केला. सालाचे बी पावसाच्या तोंडावर पडते व त्याची रुजण्याची शक्ती थोड्याच दिवसांत सरते. रोप रुजते, पण वर्षानुवर्षे त्याचा शेंडा वाळतो आणि मूळ तेवढे तग धरून राहते. हा दोष उन्हाळी अवर्षणाचा, असा समज होता. होल यांना असे आढळले, की सावलीतल्या, कुजणाऱ्या पाचोळ्याने झाकलेल्या मातीत पावसाळ्यात पाणी साचते, हवा खेळत नाही, मुळे कुजतात किंवा आखूड राहतात. आणि अशी आखूड मुळे पुढील कोरड्या ऋतूत खोल ओलीपर्यंत पोहोचत नाहीत. रोप मेलेले उन्हाळ्यात दिसते, पण त्याच्या मरणाचे कारण पावसाळ्यात घडलेले असते. पाचोळा जाळणारी हलकी आग अशा ठिकाणी रोपास उपकारक का ठरे, याचा उलगडा येथे होतो.

पाण्याच्या प्रश्नाबरोबर अन्नद्रव्यांचाही विचार केला पाहिजे. अतिवृष्टीच्या प्रदेशात मातीतील क्षार वाहून जातात, आणि जांभ्याच्या मातीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात. राखेतून पालाश, चुना व काही स्फुरद परत मिळते; नत्राचा बराच भाग मात्र धुरावाटे जातो. मध्य अमेरिकेतील पनामा देशात, गिगांते द्वीपकल्पावरील जुन्या वनात, १९९८ पासून नत्र, स्फुरद व पालाश घालून दीर्घ प्रयोग चालविण्यात आला. दाट सावलीत वाढणाऱ्या रोपांची उंची तेथे पालाशाने वाढल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. पनामातच ४८ जातींच्या रोपांची अवर्षण सोसण्याची शक्ती मोजली गेली. कोणती जात ओल्या प्रदेशात व कोणती कोरड्या प्रदेशात आढळते, याचा त्या शक्तीशी संबंध असल्याचे २००७ साली दाखविण्यात आले. रोपाचे भवितव्य पाणी, अन्न व प्रकाश यांच्या मेळावर अवलंबून असते आणि हा मेळ प्रत्येक जातीस व प्रत्येक स्थळी निराळा असतो, असा याचा आशय होय.

यावरून फिरती शेती सर्वत्र निर्दोष होती, असा निष्कर्ष काढणे युक्त होणार नाही. पडीचा काळ आखडला म्हणजे जमीन निःसत्त्व होते, आणि कोरड्या वनातील कडक वणवा कोवळ्या रोपांचा नाश करतो. आक्षेप एवढाच, की स्थळाचा व मातीचा विचार न करता एकच आरोप सर्वांवर लादला गेला, आणि त्याच्या आधारे लोकांचे वनातील व्यवहार बंद झाले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ओल्या वनांतील आगप्रतिबंध सैल झाला. बंद झालेले व्यवहार मात्र त्यामुळे परत सुरू झाले नाहीत. म्हणून वनखात्याच्या जुन्या कागदांत ‘आगीमुळे रोपे नष्ट’ अशी नोंद आढळल्यास अभ्यासकाने प्रथम तीन गोष्टी विचाराव्यात : ते वन ओले होते की कोरडे, माती गाळाची होती की जांभ्याची, आणि तेथील लोकांच्या भाषेत त्या आगीस नाव कोणते होते.