टांगाइलच्या उडीआधी

११ डिसेंबर १९७१. ‘२ पॅरा (मराठा)’ पलटणीने टांगाइलजवळ उडी घेतली. मुळात ही मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण, म्हणून भोपाळात राहूनही आपण ही कथा अभिमानाने सांगतो. पण छत्रीदलाचेच कॅप्टन पी. के. घोष तिच्याही आधी शत्रूच्या पिछाडीस पोहोचले होते. कादर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीशी संधान बांधून उतरण्याची जागा त्यांनी हेरली. काम बहिर्जी नाईकांचेच! माझ्या मते श्रेयाचा निम्मा वाटा घोषांचा. सुमारे ७०० जवानांनी त्याच संध्याकाळी पुंगलीचा पूल घेतला आणि मैमनसिंगहून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवली. १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम शिरली तीही हीच पलटण.