पणजोबांच्या डोळ्यांतलं कडं

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात पणजोबांची आठवण निघाली की आधी त्यांच्या डोळ्यांवर बोलणं यायचं. घराणं भोसल्यांच्या काळात कोकणातून नागपूरला चाकरीला आलेलं, त्यामुळे घाऱ्या डोळ्यांचं कुणाला अप्रूप नव्हतं. पण पणजोबांचे डोळे तरुणपणी काळेभोर आणि सत्तरीनंतर त्यांच्या बुबुळांभोवती निळसर कडं! आजी म्हणे, "काशीला जाऊन आले, अन् डोळ्यांत गंगा उतरली." मोठे काका मात्र नागपूरच्या उन्हाला दोष देत, वाळत घातलेल्या लुगड्यासारखा डोळ्यांचाही रंग विटतो, असं त्यांचं ठाम मत. जिथे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला, तिथे हे सहज पटावं.

कडं खरंच होतं, रंग मात्र विटला नव्हता. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या कडेला वयानुसार स्निग्ध पदार्थ साचतात आणि राखाडी-निळं वर्तुळ दिसू लागतं. त्यामागचं मूळ बुबुळ होतं तसंच असतं. म्हातारपणी हे कडं निरुपद्रवी. चाळिशीच्या आत दिसलं तर रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं.

आजीचं दुसरं निरीक्षण मात्र अचूक होतं. बाळंतिणीकडे आलेल्या बायका "डोळे कोणावर गेले?" विचारत. आजी सांगे, "वर्षाचं होऊ द्या, मग सांगते." निळा रंग देणारं द्रव्य आपल्या डोळ्यात नसतंच. बुबुळात मेलॅनिन कमी असलं की आत शिरलेला प्रकाश विखुरतो, आकाशात विखुरतो तसाच, आणि डोळा निळसर दिसतो. जन्मानंतर मेलॅनिन वाढत जातं, तसे डोळे गडद होतात. बहुतेक बदल पहिल्या वर्षात होतो, कधी तिसऱ्या वर्षापर्यंत रेंगाळतो. आपल्याकडची बहुतेक बाळं तपकिरी डोळेच घेऊन येतात; घाऱ्या घरांत हा बदल नजरेत भरतो.

आजीच्या माहेरच्या गोष्टींत दुःख जास्त होतं. तिच्या एका आत्याच्या डोळ्यात देवी येऊन गेल्यावर फूल पडलं, ते जन्मभर राहिलं. खुपऱ्यांनीही किती डोळे असेच पांढुरके केले. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा. खुपऱ्या ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केलं. आमच्या पिढीने न पाहिलेले हे डोळे आजीमुळे आम्हाला ठाऊक झाले.

मोठेपणी बुबुळाचा खरा रंग क्वचितच बदलतो. काचबिंदूच्या काही थेंबांनी तो कायमचा गडद होतो. आतल्या जुनाट दाहाने एकच डोळा फिकट पडू शकतो. म्हणून एकाच डोळ्याचा रंग पालटला तर दृष्ट काढत बसू नये, डॉक्टर गाठावा.

आणि एक गोष्ट आजीला कुणी सांगितली नव्हती, ती मी प्रत्येक आईबापाला सांगतो. तान्ह्या किंवा लहान मुलाची बाहुली अंधारात, फोटोत मांजरीच्या डोळ्यासारखी पांढरी चमकत असेल, तर कौतुक करू नका. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याचा कर्करोगही असू शकतो, आणि लवकर कळला तर बहुतेक मुलं वाचतात. त्याच आठवड्यात नागपुरातल्या मेडिकल नाहीतर मेयो रुग्णालयाच्या नेत्रविभागात त्याला दाखवून या.