एजॅक्स (सॉफोक्लीझची शोकात्मिका)

सॉफोक्लीझ (इ. स. पू. सु. ४९६–४०६) ह्या अथेन्सच्या नाटककाराने शंभराहून अधिक नाटके लिहिली, त्यांतील सात संपूर्ण स्वरूपात टिकली आणि एजॅक्स हे त्यांपैकी एक. बहुतेक अभ्यासक ते उपलब्ध नाटकांत लवकरचे मानतात. मानी योद्धा, त्याच्यावर विसंबलेली माणसे आणि त्याच्यावर हुकूम चालवू पाहणारे सेनापती असा हा तिहेरी संघर्ष आहे. अभिमान, निष्ठा आणि सत्ता ह्यांचा विषय निघाला की सॉफोक्लीझच्याच अँटिगनीचे नाव आधी घेतले जाते. पण अँटिगनीतला मृताला मूठमाती नाकारण्याचा प्रश्न एजॅक्समध्ये अधिक अडचणीचा होऊन येतो, कारण इथला मृत खरोखरच अपराधी आहे.

होमरच्या इलियडमध्ये सॅलमिस बेटाचा राजपुत्र, टेलमॉनचा मुलगा एजॅक्स हा अकिलीझच्या खालोखालचा ग्रीक वीर आहे. देहाने थोराड, बोलण्यात मोजका. हातात सात बैलांच्या कातड्यांची, बुरुजासारखी प्रचंड ढाल. इतर वीरांच्या मदतीला संकटकाळी कोणी ना कोणी देव धावतो. एजॅक्सच्या वाट्याला ते भाग्य फारसे येत नाही. सातव्या सर्गात त्याचे ट्रॉयच्या हेक्टरशी द्वंद्व होते. रात्र पडल्यामुळे ते अनिर्णित थांबते आणि दोघे एकमेकांना भेटी देतात : हेक्टर आपली तलवार, एजॅक्स आपला कमरपट्टा. ही तलवार पुढे नाटकात महत्त्वाची ठरते.

अकिलीझच्या मृत्यूनंतर त्याची शस्त्रे सर्वश्रेष्ठ वीराला मिळायची होती. मतदान झाले आणि ती चतुर ओडिसियसला मिळाली. अपमानाने पेटलेला एजॅक्स रात्री सेनापती ॲगमेम्नॉन, त्याचा भाऊ मेनेलेअस आणि ओडिसियस ह्यांना ठार मारायला निघतो. अथीना देवी त्याला भ्रम घालते. शत्रू समजून तो लुटीत मिळालेली गुरेढोरे आणि त्यांचे राखणदार कापून काढतो. ओडिसियस समजून एका मेंढ्याला तंबूत खांबाला बांधतो आणि फटके मारतो. नाटकाला सुरुवात होते ती ह्या रात्रीनंतरच्या सकाळी. अथीना ओडिसियसला वेड्या एजॅक्सचा तमाशा दाखवते आणि शत्रूच्या फजितीवर हसायला सुचवते. ओडिसियस हसत नाही. माणूस म्हणजे नुसती सावली, आज त्याच्यावर आले ते उद्या आपल्यावर येईल, असे त्याला वाटते. नाटकाचा शेवट समजायचा तर हा प्रवेश लक्षात ठेवायला हवा.

भान आल्यावर एजॅक्सला पश्चात्ताप होतो, पण तो खुनाच्या बेताबद्दल नव्हे. बेत फसला, आपले हसे झाले, ह्याची त्याला आग लागते. वडिलांनी ह्याच भूमीवर पराक्रमाचे बक्षीस मिळवले होते; त्यांच्यासमोर रिकाम्या हातांनी कसे उभे राहायचे, हा त्याचा प्रश्न. मानाने जगावे नाहीतर मानाने मरावे, एवढेच त्याचे तर्कशास्त्र आहे.

त्याची सहचरी टेक्मेसा ही युद्धात मिळालेली दासी. तिचा गाव एजॅक्सनेच उद्ध्वस्त केलेला. तू गेलास तर मी आणि मुलगा दुसऱ्याच्या घरी गुलाम होऊ, असे ती विनवते. ज्याने सुख भोगले त्याला त्याची आठवण नसेल तर तो थोर कसला, असेही सुनावते. हा प्रवेश इलियडच्या सहाव्या सर्गातील हेक्टर आणि अँड्रोमॅकी ह्यांच्या भेटीवर बेतलेला आहे आणि त्यातील फरक बोचरे आहेत. हेक्टरचे बाळ शिरस्त्राणाला घाबरते तेव्हा तो ते काढून ठेवतो. एजॅक्स म्हणतो, माझा मुलगा असेल तर रक्त पाहून भिणार नाही. हेक्टर मुलाने आपल्याहून सरस व्हावे असे मागतो. एजॅक्सला मुलगा फक्त आपल्यापेक्षा नशीबवान हवा, बाकी सारे आपल्यासारखेच. ढाल तो ह्या लहानग्या मुलाला, युरिसेसीझला, देऊन टाकतो. टेक्मेसाच्या युक्तिवादाला त्याच्याकडे उत्तर नाही आणि तो देण्याचा प्रयत्नही करत नाही.

मग येते नाटकातले सर्वांत वादग्रस्त भाषण. काळ सगळे उघड करतो आणि सगळे झाकतो. हिवाळा उन्हाळ्याला वाट देतो, रात्र दिवसाला, मग मी का नमू नये, असे एजॅक्स म्हणतो. ह्यापुढे देवांपुढे नमेन आणि सेनापतींना पूज्य मानेन, ही त्याची भाषा. क्रियापदांची ही अदलाबदल कुत्सित आहे. पूजा देवांची करायची असते. टेक्मेसा आणि सॅलमिसच्या खलाशांचा वृंद हे भाषण खरे मानून आनंदतात. हे ठरवून फसवणे की क्षणभराचे खरे मतपरिवर्तन, ह्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. जग बदलत्या निष्ठांवर चालते हे त्याला नीट कळले आहे आणि म्हणूनच त्या जगात राहायचे नाही असे तो ठरवतो, हे वाचन अधिक पटते.

दरम्यान एक दूत कॅल्कस ह्या भविष्यवेत्त्याचा निरोप आणतो : अथीनेचा कोप आजच्या दिवसापुरता आहे, एजॅक्सला तंबूबाहेर जाऊ देऊ नका. कोपाचे कारणही कळते. देवांच्या साहाय्याने जिंक, असे वडिलांनी निघताना सांगितले असता, तसे तर कोणीही जिंकेल, मी त्यांच्यावाचून जिंकेन, असे तो म्हणाला होता. रणांगणावर अथीना पाठीशी आली तेव्हा त्याने तिलाही इतरांकडे पिटाळले होते. निरोप उशिरा पोचतो. समुद्रकाठी हेक्टरची तलवार जमिनीत रोवून एजॅक्स तिच्यावर अंग झोकून देतो. ग्रीक रंगभूमीवर मृत्यू बहुधा पडद्याआड घडतो आणि दूत तो येऊन सांगतो. ईस्किलसने ह्याच कथेवरील नाटकात तसेच केले होते. सॉफोक्लीझ मात्र वृंदाला रंगमंचावरून घालवतो, स्थळ बदलतो आणि नायकाला प्रेक्षकांसमोर एकटा सोडतो.

१४२० ओळींच्या नाटकात नायक ८६५व्या ओळीला बोलायचा थांबतो. उरलेला भाग प्रेताच्या भोवतीच्या भांडणाचा आहे आणि हे शेपूट कशाला, अशी तक्रार प्राचीन टीकाकारापासून होत आली आहे. तक्रार वरवरची आहे. एजॅक्स जिवंत असताना त्याच्या आणि सेनापतींच्या समोरासमोर एकही प्रवेश नाही. सत्तेशी खरी झुंज तो मेल्यावरच जुंपते आणि ती लढतो त्याचा सावत्र भाऊ ट्यूसर. मेनेलेअस येऊन दफनाला बंदी करतो : भीती नसेल तर नगरात कायदा टिकत नाही, सैन्यात शिस्त राहत नाही. हे विधान मुळात पोकळ नाही. इ. स. पू. ४५८ मध्ये ईस्किलसच्या नाटकात खुद्द अथीनेने अथेन्सच्या नागरिकांना जवळपास हाच सल्ला दिला होता. मेनेलेअसच्या तोंडी तो क्षुद्र होतो, कारण जिवंतपणी ज्याला आवरता आले नाही त्याला मेल्यावर वठणीवर आणण्याची ही घाई आहे. ट्यूसर त्याला विचारतो, तू स्पार्टाचा राजा, आमचा धनी कधी झालास? शिवाय मतदानात लबाडी केल्याचा आरोपही करतो. ॲगमेम्नॉन ट्यूसरला दासीपुत्र म्हणून हिणवतो, तर तो त्याच्या घराण्यातील पापे काढतो. महाकाव्यातल्या वीरांचे हे भांडण चावडीवरच्या भाऊबंदकीच्या पातळीला येते. शेजारी लहान युरिसेसीझ बापाच्या देहाला धरून बसला आहे.

कोंडी फोडतो तो ओडिसियस, ज्याचा एजॅक्सने सर्वांत जास्त द्वेष केला. हा माझा शत्रू होता, पण अकिलीझ सोडल्यास ह्याच्या तोडीचा कोणी नव्हता. त्याला दफन नाकारणे हा देवांच्या नियमांचा भंग आहे, असे तो सांगतो. मलाही कधीतरी ह्याची गरज पडेल, हे तो लपवत नाही. ॲगमेम्नॉन पटले म्हणून नव्हे, तर मित्राखातर मानतो. ट्यूसर ओडिसियसचे आभार मानतो, मात्र मृताला रुचणार नाही म्हणून प्रेताला हात लावू देत नाही.

अथेन्सच्या प्रेक्षकांना हा परका वीर नव्हता. इ. स. पू. ५०८ च्या सुमारास क्लाइस्थेनीझने नागरिकांचे दहा गण पाडले, त्यांतील एक एजॅक्सच्या नावाचा होता. हीरोडोटसच्या मते इ. स. पू. ४८० च्या सॅलमिसच्या आरमारी लढाईआधी ग्रीकांनी त्याचा धावा केला. स्वतः सॉफोक्लीझ इ. स. पू. ४४१–४४० मध्ये पेरिक्लीझसोबत सेनापती होता. आज्ञा देणाऱ्याची बाजूही त्याला ठाऊक होती. दुसरीकडे, देशद्रोह्याला ॲटिकाच्या भूमीत पुरू नये असा अथेन्सचाच दंडक होता, त्यामुळे मेनेलेअसचा हुकूम प्रेक्षकांना विचित्र वाटला नसणार.

चित्रकार एक्झीकिअसने नाटकाच्या जवळपास शतकभर आधी एका कुंभावर एजॅक्स रंगवला : एकटा, वाकून तलवार मातीत रोवताना. रोमन सम्राट ऑगस्टसनेही ह्या विषयावर शोकात्मिका लिहायला घेतली होती, पण न जमल्याने पुसून टाकली. चौकशी करणाऱ्याला, आपला एजॅक्स स्पंजावर पडून मेला, असे त्याने सांगितल्याचे स्वेटोनिअस नोंदवतो. बायझंटिन काळी सॉफोक्लीझची जी तीन नाटके प्रामुख्याने अभ्यासली जात, त्यांत एजॅक्स होते. १९८६ मध्ये पीटर सेलर्सने कथा पेंटॅगॉनसमोर आणली आणि नायकाची भूमिका हॉवी सीगो ह्या कर्णबधिर नटाला दिली. २००८ पासून ब्रायन डोरीझ अमेरिकेत युद्धावरून परतलेले सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय ह्यांच्यापुढे नाटकातील प्रवेशांचे वाचन घडवून आणतो आणि त्यानंतर चर्चा होते.