दगडाला आकार देणारे हात

वऱ्हाडात काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले, की ते हेमाडपंती आहे असे म्हणण्याची रीत आहे. पांडवांनी एका रात्रीत बांधले, असेही कोणी सांगतात. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा प्रधान. म्हणजे त्याचा कारभार इ. स. १२६० नंतरचा. परंतु अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीच्या कालिकादेवी मंदिरातील शिलालेखात शके १०९८, अर्थात इ. स. ११७६, असा काळ आहे. हेमाद्रीच्या प्रधानकीपूर्वी ऐंशीहून अधिक वर्षे हे देऊळ उभे होते. प्रधानाचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. दगड घडविणाऱ्या पाथरवटांचे राहिले नाही.

त्यांची विद्या मात्र भिंतीत वाचता येते. बार्शीटाकळीच्या गाभाऱ्याची बाहेरील आखणी तारकाकृती आहे. जमिनीवर चौरस आखावा, मध्यावर खुंटी ठोकावी आणि चौरस तिच्याभोवती थोडा थोडा फिरवीत न्यावा. बाहेर येणारे सारे कोपरे एकाच वर्तुळावर पडतात व चांदणीचा आकार होतो. सूत आणि खुंटी एवढ्यावर हे काम भागते. असे कोन घेऊन भिंत वर चढली, की एका अंगास ऊन, दुसऱ्या अंगास सावली. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात सपाट भिंत डोळ्यांपुढे नुसती तळपते. ही भिंत सकाळी वेगळी दिसते, संध्याकाळी वेगळी.

छताची युक्ती याहून नामी. चार तुळयांच्या चौकटीवर चारही कोपऱ्यांत तिरकस दगड ठेवले, की मधली मोकळी जागा निम्मी उरते. त्यावर पुन्हा तसेच थर चढवावेत. शेवटी एक शिळा उरलेले तोंड झाकते. दगड एकमेकांच्या भाराने व खाचांत बसवून राहतात, चुन्याच्या भरवशावर नव्हे. असल्या छतावर सिमेंटचा नवा स्लॅब ओतण्यापूर्वी दहादा विचार करावा, तो एवढ्यासाठीच.

अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यातील लासूरचे आनंदेश्वराचे देऊळही काळ्या पाषाणाचे. पूर्णाकाठच्या त्या मुलखात कितीही खणले तरी मातीच लागते. इतका दगड बाहेरूनच आणावा लागला असणार. एक शिळा चुकीची फुटली तर केवढी मेहनत वाया जात असेल!

देवळे घडविणारी टाकी पुढे घरोघरच्या जात्या-पाट्यांवर चालू लागली. जात्याची तळी गुळगुळीत झाली, की टाकी लावणाऱ्यास बोलवावे लागे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि ते कामही आटले. आता जीर्णोद्धाराच्या वेळी घडीव दगड बसविणारा माणूस शोधावा लागतो, फरशी बसविणारे पुष्कळ मिळतात. देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जातात, ते योग्यच आहे. पाटी कोरणाऱ्याचे नाव तिच्यावर आजही नसते.

ऑइलपेंटचे काही हात बसले, की कोरीव कामातील बारीक रेषा बुजतात. शेंदराचेही तसेच. वर्षानुवर्षे पुटे चढत जाऊन मूर्ती गोलसर होते, मग डोळे वरून लावावे लागतात. कधी एखाद्या गावी हे जड कवच आपोआप गळून पडते. आत कोणीतरी टाकीने काढलेली बोटांची पेरे तशीच असतात.