थापटणे आणि सही

आळंदीवरून येणारी इंद्रायणी चऱ्होलीजवळून पुढे जाते आणि तुळापूरला भीमेस मिळते. याच भीमेच्या खोऱ्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. तेथे चाकावर घडवलेली, तांबड्यावर काळी नक्षी असलेली जोर्वे पद्धतीची भांडी सापडली. कुंभाराची भट्टीही सापडली. उत्खननकर्त्यांच्या मते सधन शेतकऱ्यांची घरे वस्तीच्या मध्यभागी होती, तर कुंभारादी कारागिरांची पश्चिमेच्या कडेला. ज्या भांड्यांवरून आपण त्या संस्कृतीला नाव दिले, ती घडवणारा मात्र कडेला राहत होता.

पुढे गावगाड्यात कुंभार बारा बलुतेदारांपैकी एक झाला. त्याने वर्षभर मडकी पुरवायची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. चाकावरून उतरलेले जाड मडके किंचित सुकले की आतून गुंडा धरून, बाहेरून थापटण्याने ठोकीत त्याला आकार द्यायचा. मंद आचेवर भाजलेली ती माती सच्छिद्र राहते. पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि उरलेले पाणी गार होते. तेरच्या गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही आख्यायिका आपण कौतुकाने सांगतो. त्या कथेत पारख करण्याचा अधिकार कुंभाराच्या हाताला आहे. गावगाड्याने तो अधिकार त्याला दिला नाही.

आज पुण्या-मुंबईत हौशी मंडळींसाठी मातीकामाचे वर्ग चालतात. या हौसेचे एक मूळ दूरवर आहे. बर्नार्ड लीच यांनी हामादा शोजी यांच्यासह १९२० मध्ये इंग्लंडमधील सेंट आइव्हज येथे कुंभारशाळा उभारली. त्यांचे जपानी स्नेही यानागी सोएत्सु निनावी कारागिराच्या रोजच्या भांड्यात सौंदर्य पाहत. गंमत अशी, की लीच आपल्या खास भांड्यांवर स्वतःच्या आद्याक्षरांची मुद्रा उमटवीत. निनावीपणाचे तत्त्वज्ञान आणि सही यांची ही जोडी हौशी कुंभाराकडे वारशानेच आली आहे.

हौशी माणूस आपला कप मित्राला भेट देतो. तळाशी नाव कोरतो. त्यात गैर काही नाही. ज्याला मडके विकायचे नाही, त्याला वाकड्या काठावरही प्रेम करता येते. बलुतेदाराला ती मुभा नव्हती. गळका माठ घरी परत येई. कारखान्यातल्या प्लास्टिक आणि स्टीलने मडक्याची गरज घटवली, तेव्हा हाताच्या खुणेचे मोल वाढले. हाताला प्रतिष्ठा मिळाली ती त्यावरचे पोट सुटू लागल्यावर, आणि तीही बहुधा दुसऱ्याच हाताला.

म्हणून वर्गात चाक शिकवताना थापटणेही शिकवावे, आणि ते शिकवायला गावच्या कुंभाराला गुरू म्हणून, मानधन देऊन बोलवावे. सहीचा प्रश्न त्यानंतरचा.