तुकोबांचा दुष्काळ आणि श्रद्धेची क्रियापदं

संतसाहित्यावर किंवा भक्तीच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं असेल, तर तुमच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य कुठेतरी येणारच: 'अनेक संकटे आली, तरी त्यांची श्रद्धा अढळ राहिली.' वाक्य चुकीचं नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते काहीच सांगत नाही. श्रद्धा आधी होती का? ती 'राहिली' म्हणजे नेमकं काय घडलं? आणि हे आपल्याला कोण सांगतंय? आज हे तीन प्रश्न आपण एकाच उदाहरणावर लावून बघू. उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे: देहूचे तुकोबा आणि १६३० चा दुष्काळ.

आधी संदर्भ पक्का करू. १६३० साली गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊस गेला. पुढची दोन वर्षं माणसं अन्नावाचून मेली, गावं ओस पडली. शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात होता. त्याच्या दरबारातल्या अब्दुल हमीद लाहोरीच्या 'पादशाहनाम्या'त या दुष्काळाचं वर्णन आहे. सुरतेहून आग्र्याला निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानेही वाटेवरची प्रेतं नोंदवून ठेवली आहेत. त्यात भर लढायांची. याच सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केलं आणि देहू तिथून जवळच. म्हणजे तुकोबांवर आलेलं संकट हे एका घराचं दुर्दैव नव्हतं, तो सगळ्या मुलखावरचा घाला होता.

तुकोबांच्या जन्मवर्षाबद्दल मतभेद आहेत. १६०८ धरलं तर दुष्काळात ते बाविशीच्या आसपास होते. घरात महाजनकी, वाण्याचा व्यवसाय, देणंघेणं, आणि पिढ्यांची विठ्ठलभक्ती. आईवडील आधीच गेलेले.

आता मुख्य साधनाकडे येऊ. तुकोबांचा एक आत्मचरित्रपर अभंग आहे. संतांनी विचारलं म्हणून सांगतो, एरवी हे सांगू नये, अशा अर्थाची सुरुवात त्यात आहे. इथेच थांबा आणि वहीत टिपून घ्या: हे निवेदन घटना घडून गेल्यानंतरचं आहे आणि ते विशिष्ट श्रोत्यांसमोरचं आहे. दुष्काळाच्या दिवसांत लिहिलेली ती रोजनिशी नव्हे.

त्या अभंगातला क्रम बघा. दुष्काळाने पैसा गेला, मान गेला. एक बायको अन्न अन्न करत मेली. याची लाज वाटली, धंद्यात तूट येत गेली. मग मोडकळीला आलेलं देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन करायला लागले, पण तेव्हा चित्त त्या अभ्यासात नव्हतं, असं ते स्वतःच सांगतात. मग संतांची वचनं पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे धृपद धरलं. जमेल तेवढा परोपकार केला, देह कष्टवला. त्यानंतर कवित्वाची स्फूर्ती झाली.

दिसलं का काही? श्रद्धा आधी भक्कम होती आणि संकटात टिकली, असं तुकोबा म्हणत नाहीत. दुःखानंतर पहिली येते ती लाज. मग हाताचं काम. मग मन न लागता केलेलं कीर्तन. 'विश्वास' हा शब्द पहिल्यांदा येतो तो पाठांतरापाशी. नामावर दृढ विश्वास धरल्याचं त्याच्याही पुढे, स्वप्नातल्या गुरूपदेशाजवळ येतं. घराण्याची भक्ती होतीच, पण स्वतःची श्रद्धा त्यांनी रोजच्या साधनेतून हळूहळू बांधली. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की, श्रद्धेबद्दल लिहायचं असेल तर विशेषणं बाजूला ठेवा आणि क्रियापदं गोळा करा. 'अढळ', 'अनन्य', 'निस्सीम' यांचा पुरावा देता येत नाही. 'दुरुस्त केलं', 'पाठ केलं', 'मागे गायलं' यांचा देता येतो.

आता दुसरं संकट. अभंगाच्या शेवटाकडे निषेधाचा आघात येतो, मन दुखावतं, वह्या पाण्यात बुडवल्या जातात आणि तुकोबा देवापुढे 'धरणे' धरून बसतात. हा शब्द नीट बघा. धरणं हा देण्याघेण्याच्या व्यवहारातला शब्द आहे. धनको ऋणकोच्या दारात बसायचा, प्रसंगी उपाशी राहायचा, आणि देणं मिळेपर्यंत उठायचा नाही. ज्या घरात कर्जखतं होती, त्या घरातल्या माणसाला हा शब्द पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. आपल्या वाट्याची कर्जखतं तुकोबांनी इंद्रायणीत टाकली, असं परंपरा सांगते. म्हणजे ज्याने माणसांकडची वसुली सोडली, तो देवाच्या दारात मात्र वसुलीला बसला! ही श्रद्धा मुकाट्याने सोसणारी नाही, ती हक्काने भांडणारी आहे. गाथेतल्या धरण्याच्या अभंगांत तेरा दिवसांचा उल्लेख आहे, रागही आहे. आणि नंतर, देवाला कष्टवलं म्हणून माफीही आहे. श्रद्धा आणि तक्रार या एकमेकींच्या विरुद्ध गोष्टी आहेत असं गृहीत धरून तुम्ही वाचायला बसलात, तर हे अभंग तुमच्या हातून निसटतील.

मग महिपती काय करतात? त्यांचा 'भक्तविजय' १७६२ चा, 'भक्तलीलामृत' १७७४ चं. तुकोबांच्या प्रयाणाला तोवर शंभरावर वर्षं होऊन गेली होती. आत्मचरित्रपर अभंगात वह्या बुडवायला कोणी लावलं त्याचं नाव नाही. महिपतींच्या कथेत रामेश्वर भट येतात, आज्ञा येते, वह्या कोरड्या वर येतात, आणि विरोधकच शिष्य होतो. म्हणून महिपती टाकाऊ ठरतात का? अजिबात नाही. अठराव्या शतकातल्या श्रोत्यांना संतांच्या संकटाची गोष्ट कशी ऐकायची होती, यासाठी ते प्राथमिक साधनच आहेत. तेच पुस्तक एका प्रश्नाला दुय्यम आणि दुसऱ्याला प्राथमिक ठरतं. व्हायवामध्ये हा मुद्दा हमखास विचारला जातो.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दिवाळं निघालं, दुष्काळाने पीडा केली ते बरंच झालं, अशा अर्थाचाही तुकोबांचा अभंग आहे. मागे वळून बघताना साधकाने स्वतःच्या दुःखाला दिलेला तो अर्थ आहे. तो त्यांचा हक्क. पण तोच अर्थ उचलून 'दुष्काळामुळे संत घडला' असं संशोधकाने लिहिलं, की भुकेने मेलेली बायको कोणाच्या तरी आध्यात्मिक प्रगतीची पायरी होऊन बसते. तिच्या बाजूने तिच्यासाठी काहीही बरं झालं नव्हतं. दुसरी बायको जिजाई. पोरांच्या पोटाची काळजी तिच्यावर होती, आणि कथांमध्ये ती कजाग म्हणून येते. तिचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो तो दुसऱ्यांच्या तोंडून. साधनेची किंमत साधकाबरोबर आणखी कोणी मोजली, हा प्रश्न तुमच्या प्रबंधात असायलाच हवा.

सराव म्हणून एक करा. गाथेतला हा आत्मचरित्रपर अभंग काढा. शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली विष्णु परशुराम शास्त्री पंडितांनी संपादित केलेली आणि १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत निघालेली इंदुप्रकाशची आवृत्ती ग्रंथालयात मिळाली तर उत्तमच. एका कागदावर तीन रकाने आखा: काय घडलं, तुकोबांनी काय केलं, आणि त्याचा अर्थ त्यांनी काय लावला. मग शेजारी महिपतींचा तोच प्रसंग ठेवून चौथा रकाना भरा. चारही रकाने भरून झाले की सिनॉप्सिसमधलं ते 'अढळ श्रद्धे'चं वाक्य पुन्हा वाचा आणि ठेवायचं की खोडायचं ते तुम्हीच ठरवा.