अम्ल-क्षारक विकारांतील प्रतिपूरण

रक्ताची अम्लता बिघडली असता ती मूळ पातळीकडे आणण्यासाठी फुप्फुसे व मूत्रपिंडे जे बदल घडवून आणतात, त्यांस प्रतिपूरण (भरपाई) म्हणतात. १८७४ मध्ये आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्यांनी मधुमेहजन्य बेशुद्धीतील खोल श्वसनाचे वर्णन केले. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकून अम्लता कमी करण्याची ती देहाची धडपड असते. तथापि तिचा उलगडा होण्यास एल. जे. हेंडरसन (१९०८) व के. ए. हासेलबाल्ख (१९१६) यांची समीकरणे यावी लागली. रक्ताचे पीएच मूल्य बायकार्बोनेट व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या परस्पर प्रमाणावर ठरते, हे त्यांवरून स्पष्ट झाले.

सूत्र हाती आले, तरी रुग्णालयांत बहुधा रक्तातील एकूण कार्बन डाय-ऑक्साइडच मोजला जाई. ही राशी मुख्यतः बायकार्बोनेटाची असल्याने ती वाढली की क्षाररक्तता, असे निदान होई. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे बालपक्षाघाताची मोठी साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनयंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. राशी वाढलेली दिसे व तिचे कारण अज्ञात क्षाररक्तता मानले जाई. भूलतज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी मात्र हा साठलेला कार्बन डाय-ऑक्साइड आहे, म्हणजे श्वसन अपुरे पडत आहे, असे सांगितले. २७ ऑगस्ट रोजी त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनालात छेद देऊन नळी बसविली व रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास पुरविला. रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड उतरला. प्रयोगशाळाप्रमुख पोल आस्ट्रुप यांच्या पीएच मापनाने अम्लरक्तता सिद्ध झाली. पुढे सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशव्या दाबल्या व मृत्युप्रमाण निम्म्याहून खाली आले.

भरपाईलाच मूळ विकार समजण्याचा धोका नंतरही राहिला. आस्ट्रुप व ओले सिगार्ड-अँडरसन यांच्या ‘क्षारकाधिक्य’ या कल्पनेवर डब्ल्यू. बी. श्वार्ट्‌झ व ए. एस. रेलमन या अमेरिकी वैद्यांनी १९६३ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. तो अगदीच निराधार नव्हता. कारण भरपाईस लागणारा काळ त्या एका आकड्यात दिसत नाही. कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब ४० मिमी. वरून ८० मिमी. (पारा) झाला, तर पहिल्या काही मिनिटांत बायकार्बोनेट दर लिटरला २४ मिलिमोलवरून जेमतेम २८ होते. हे काम मुख्यतः हीमोग्लोबिनादी प्रतिरोधकांचे असते. मूत्रपिंडे अम्ल बाहेर टाकून नवे बायकार्बोनेट निर्माण करतात, पण त्यांस तीन ते पाच दिवस लागतात; तेव्हा ते ३८ च्या आसपास पोहोचते. म्हणूनच फुप्फुसाच्या जुनाट रोग्यास यंत्राने घाईने श्वास दिल्यास कार्बन डाय-ऑक्साइड तासाभरात उतरतो, साठलेले बायकार्बोनेट मात्र मागे राहते आणि रोगी तीव्र क्षाररक्ततेत जातो.